कानांना वीस गुण

तबेल्याचं एक बातमीपत्र निघायचं. दर महिन्याला, चार पानी, गुळगुळीत कागदावर. त्यात दोन सदरं ठरलेली: पहिलं 'स्पर्धेतलं यश' आणि दुसरं 'अश्वकल्याण'. दोन्ही ऑफिसातल्या बाई लिहायच्या आणि त्यांची पद्धत सरळ होती. बक्षीस मिळालं की यशाला दीड पान आणि कल्याणाला चार ओळी. बक्षीस हुकलं की यश चार ओळींत उरकायचं आणि उरलेल्या दीड पानात घोड्यांचं कल्याणच कल्याण. गेली तीन वर्षं त्या तबेल्यातल्या घोड्यांचं इतकं कल्याण चाललं होतं की एखाद्याला ते सोसलं नसतं. सातांत सहावा आलेला घोडा 'पहिल्या सहांत' यायचा, आणि अडथळ्यापुढे अडून बसलेला घोडा 'स्वतंत्र विचारांचा' ठरायचा.

या बातमीपत्रात फोटो मात्र बिनतोड असायचे. प्रत्येक फोटोत घोड्याचे कान टवकारलेले, डोळे चमकदार, मान उंच. बघणाऱ्याला वाटावं, या जनावरांना आयुष्यात काही कमी नाही. ही कमाल होती डबाकाकांची.

डबाकाका म्हणजे तिथले सगळ्यांत जुने मोतद्दार. खरारा करायचा, लीद काढायची, पाणी दाखवायचं, पाय चोळायचे, ही त्यांची सव्वीस वर्षांची नोकरी. पण त्यांचं खरं महत्त्व त्यांच्या पत्र्याच्या डब्यात होतं. डब्यात चंदी, म्हणजे घोड्याचं धान्य. फोटोवाल्याच्या खांद्यामागे उभं राहून काकांनी डबा दोनदा खुळखुळवला की समोरचा घोडा कितीही वैतागलेला असो, कान ताठ करून बघायचाच. फोटोवाला बटण दाबायचा आणि बाई खाली लिहायच्या: 'आमच्या तबेल्यातला एक समाधानी क्षण.' क्षण खराच असायचा, फक्त समाधान चंदीचं होतं, तबेल्याचं नव्हतं.

या कामात काकांचा एक नेम होता. डबा वाजवला की मूठ द्यायची. लगेच देता येत नसेल तर संध्याकाळी द्यायची, पण द्यायचीच. सकाळी तीनदा वाजवला तर संध्याकाळी तीन मुठी. बाकीचे मोतद्दार हसायचे, म्हणायचे, "काका, घोडं काय मोजत बसलंय होय?" काका म्हणायचे, "तुम्ही एकदा फसवून बघा. मग कळेल कोण मोजतंय ते."

फसवून बघणारा निघालाच. नवा प्रशिक्षक सहा आठवड्यांचा कोर्स करून आला होता आणि त्यामुळे त्याला घोड्यांबद्दल सगळंच माहीत होतं. चंदीने घोडी सुटतात, असं म्हणून त्याने दुसरा डबा आणला आणि त्यात खडे भरले. आवाजाशी मतलब, म्हणाला. पहिल्या दिवशी सगळ्या घोड्यांनी कान टवकारले. दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी. चौथ्या दिवशी चिमणी नावाच्या घोडीने शांतपणे त्याच्याकडे पाठ केली आणि शेपटी वर करून आपलं मत त्याच्या नव्या बुटांवर टाकलं. पाचव्या दिवशी काकांना परत बोलावणं आलं.

कागदोपत्री चिमणीचं नाव 'सुवर्णझेप'. हे नाव मालकांनी ठेवलं होतं आणि तबेल्यात त्या नावाने तिला कुणी हाक मारली असती तर तिने वळूनही पाहिलं नसतं. तांबूस रंगाची, ठेंगणी, बारा वर्षांची घोडी. तिला काकांनी शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. तीन वर्षांत त्या तबेल्याला जी काय दोन-चार पदकं मिळाली ती सगळी तिच्या पायांवर. त्यामुळे मालकांचा तिच्यावर फार जीव होता. स्पर्धा जवळ आली की तो जीव जास्तच वाढायचा.

त्या वर्षीच्या स्पर्धेला बारा दिवस असताना काका सकाळी तिचे पाय चोळत होते. पुढच्या डाव्या पायाच्या नळीवरून हात खाली नेताना ते थांबले. मागची शीर, म्हणजे पायाचा भार पेलणारी स्नायूची दोरी, गरम लागत होती. उजवा पाय थंड, डावा गरम. त्यांनी अंगठ्याने जरा दाबलं तर चिमणीने पाय उचलून घेतला. घोड्याची ती शीर एकदा तुटली की तो घोडा संपला. नंतर त्याचं काय करतात ते काकांनी सव्वीस वर्षांत चार वेळा पाहिलं होतं, आणि त्यांतल्या एकाचीही बातमी बातमीपत्रात आली नव्हती.

ते प्रशिक्षकाकडे गेले. प्रशिक्षक म्हणाला, "उन्हात उभी असेल."

"सकाळचे साडेसहा वाजलेत," काका म्हणाले.

"मग रात्रीची उष्णता असेल अंगात. काका, तुम्ही फार लाड करता तिचे."

मग ते मालकांकडे गेले. हे मालक म्हणजे जुन्या मालकांचे चिरंजीव. लहानपणी घोड्यावर बसायला त्यांना काकांनीच शिकवलं होतं, म्हणून चारचौघांत ते काकांना 'तुम्ही' म्हणायचे. एकट्यात 'तू'. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "स्पर्धा होऊ दे. मग दाखवू डॉक्टरला."

"मालक, स्पर्धेनंतर दाखवायला पाय उरायला हवा."

"डॉक्टरचा दाखला आहे ना फाइलीत?"

"तो गेल्या महिन्याचा आहे."

"मग तो खोटा आहे का?"

दाखला खोटा नव्हता. गेल्या महिन्यात पाय चांगलाच होता. इथेच तर घोडं पेंड खात होतं. काका बाहेर आले, पण दारातून मालकांनी त्यांना पुन्हा हाक मारली. "आणि हे बघ, यंदा सुखी घोड्याचं बक्षीस आहे. अश्वकल्याण समिती येणार आहे तपासायला. ते गुण उड्यांच्या गुणांत धरणार आहेत. चिमणीचे कान तुझ्यावर सोपवलेत. कान पडले तर तुझी नोकरी पडली असं समज."

काकांचं वय अठ्ठावन्न. या वयात दुसरा तबेला त्यांना दारात उभं करणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मालकांनाही.

घरी काकांची बायको शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, येईल ते. त्या आठवड्यात तबेल्याचंच काम आलं होतं: लाल मखमलीच्या रुंद पट्ट्या, सोनेरी काठाच्या, चार नग. काका जेवायला बसले तरी मशीन चालूच होतं. काकांनी विचारलं, "हे कशाला?"

"तुमच्या लाडकीच्या पायांना. समिती येणारे ना, नटवून न्यायचंय म्हणे."

काकांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तिला पायाचं सगळं सांगितलं. बायकोने मशीन थांबवलं आणि चष्मा काढला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि चष्मा काढला की ऐकून घ्यावं लागतं हे काकांना माहीत होतं.

"म्हणजे मी शिवलेल्या मखमलीखाली सूज झाकायची, आणि तुम्ही डबा वाजवून वर कान उभे करायचे. दोघं मिळून छान काम करतोय आपण. बातमीपत्रात आपला जोडीने फोटो छापायला सांगा."

"मी काय करू मग? नोकरी सोडू?"

"मी कुठे म्हटलं सोडा? मी म्हटलं, मला लाज वाटते. तुम्हाला वाटत असेल तर सांगा, नसेल तर वरण वाढते."

काकांनी वरण घेतलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी नऊला समिती आली. तिघंजण. अध्यक्षबाईंच्या अंगावर घोड्यांची चित्रं असलेला स्कार्फ होता, दुसऱ्या सदस्यांना घोड्याच्या केसांची ॲलर्जी असल्यामुळे ते दहा पावलं लांब उभे राहून कल्याण करत होते, आणि तिसरे फक्त पॅड धरायला होते. अध्यक्षबाईंनी आधी नियम वाचून दाखवले. घोड्यावर आवाज चढवायचा नाही. घोड्यासमोर चाबूक ठेवायचा नाही. अकरावा नियम त्यांनी चष्मा सावरून दोनदा वाचला: उड्यांच्या आधी चार तासांत धान्य खाल्लेला घोडा कोणत्याही परिस्थितीत रिंगणात उतरवायचा नाही, पोटदुखीने घोडे दगावतात. "यात आम्ही कुणाचीही गय करत नाही," त्या म्हणाल्या. उड्या अकराला होत्या.

मग तपासणीचा तक्ता निघाला. कान वीस गुण, डोळे पंधरा, कांती वीस, शेपटी दहा, माणसाशी जिव्हाळा तीस. पायांना पाच गुण होते आणि त्यात एकच प्रश्न होता: नाल चकचकीत आहेत का? बाकी पाय बघणं हे डॉक्टरचं काम, आणि दाखला फाइलीत होताच.

चिमणी उभी होती. चारही पायांना लाल मखमल, सोनेरी काठ, त्यात ती डावा पाय हळूच पुढे टाकून त्याच्यावरचा भार काढून घेत होती. तिचे कान पडलेले होते. मालकांनी काकांकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "काका, जरा या ना तुम्ही."

काकांनी डबा घेतला. नेहमी ते घोड्यापासून चार हातांवर उभे राहायचे. त्या दिवशी ते चालत चालत पार कुंपणापाशी गेले, वीस-बावीस पावलं लांब. रात्रभर त्यांनी एवढंच ठरवलं होतं. उभ्या घोड्याचं लंगडणं दिसत नाही, पण चालत्या घोड्याचं आंधळ्यालाही दिसतं. त्यांनी तिकडून डबा खुळखुळवला आणि हाक मारली, "चिमणे, ये."

चिमणीचे कान एका क्षणात उभे राहिले. लगाम धरणाऱ्याच्या हातून लगाम सुटला आणि ती निघाली. डावा पाय टेकला की तिची मान वर झटकली जायची, उजवा टेकला की खाली यायची. पाऊल, झटका, पाऊल, झटका. एवढ्या उघड लंगडणाऱ्या घोडीला बघून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आता तरी सगळं फुटलं असं वाटून त्यांना बरंही वाटलं.

अध्यक्षबाईंनी दोन्ही हात छातीशी नेले. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मान कशी डोलावतेय बघा. होकार देतेय त्यांना."

लांबचे सदस्य शिंकले आणि म्हणाले, "जिव्हाळा. पूर्ण तीस."

"कान वीस," पॅडवाल्यांनी लिहिलं.

काकांना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ते चिमणीची मान धरून म्हणाले, "बाई, ती डोलत नाहीये. ती लंगडतेय. पाय बघा तिचा. ती पट्टी सोडून बघा."

"पट्टी किती सुंदर आहे पण," बाई म्हणाल्या.

मालक हसत हसत मध्ये आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका जरा हळवे आहेत. सव्वीस वर्षं आमच्याकडे आहेत. स्पर्धेच्या दिवशी त्यांचं असंच होतं." त्यांचा अंगठा काकांच्या गळ्याशेजारच्या हाडात रुतत होता.

अध्यक्षबाईंनी सही केली. सुखी घोड्याचं बक्षीस सुवर्णझेपला, शंभरपैकी सत्त्याण्णव. तीन गुण शेपटीचे गेले. आता दोन तासांच्या आत तीच घोडी त्याच पायावर अकरा अडथळे ओलांडणार होती, आणि तिला सुखी ठरवणारे तिघं सावलीत बसून टाळ्या वाजवणार होते. काकांना आयुष्यात राग फारसा आलेला नव्हता. मोतद्दाराला तो परवडत नाही, आणि घोड्याला लगेच कळतो. पण त्या वेळी आला. सव्वीस वर्षं आपण कान उभे केले, आणि लोक कानच बघायला शिकले, यात आपलाही वाटा आहे, हेही त्यांना त्याच वेळी कळलं. तो राग सगळ्यांत जास्त झोंबणारा होता.

त्यांनी डब्याचं झाकण काढलं. मूठ भरून देण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. सगळा डबाच त्यांनी चिमणीच्या तोंडाखाली धरला, आणि चिमणी खायला लागली.

चंदी चावण्याचा आवाज त्या शांततेत चांगला मोठा येत होता. सगळ्यांत आधी पॅडवाल्यांच्या लक्षात आलं. "मॅडम," ते म्हणाले, "अकरावा."

प्रशिक्षक धावत आला आणि डबा ओढायला लागला. काका जागचे हलले नाहीत. चिमणी तर मुळीच हलली नाही, उलट प्रशिक्षकाला पाहून तिने कान मागे टाकले. डबा चाटून पुसून झाल्यावरच तिने तोंड वर केलं.

अध्यक्षबाईंचा चेहरा कडक झाला. लंगडा पाय ज्यांना दिसला नव्हता, त्यांना ओठांवरचे चार दाणे स्पष्ट दिसले. "मालक, मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, "पण हा घोड्याच्या जिवाचा प्रश्न आहे. घोडी उड्यांत उतरणार नाही."

"बाई, एवढीशी चंदी..."

"नियमाशी खेळ नाही. आम्ही कल्याण समिती आहोत."

मालक काकांना तबेल्याच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले. तिथे चारचौघं नव्हते. "मी तुझं काय घोडं मारलं होतं रे?" त्यांनी दात आवळून विचारलं.

"अजून मारलं नाही, मालक," काका म्हणाले. "अकरा वाजता मारणार होता."

"चालता हो. उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

काका "बरं" म्हणाले. मग मागे वळून चिमणीपाशी गेले, कारण उद्यापासून म्हणजे आज अजून बाकी होता. त्यांनी खाली बसून बायकोने शिवलेली मखमलीची पट्टी सोडली. पाय मनगटाएवढा असायचा तो दंडाएवढा झाला होता. ते बादल्यांनी गार पाणी आणून त्यावर सोडत राहिले. रिंगणाकडून घोषणा, टाळ्या, बँड ऐकू येत होता. चिमणीने मान त्यांच्या खांद्यावर टाकली आणि डोळे मिटले. बघणाऱ्याने गुण दिले असते असं त्यात काही नव्हतं, कान दोन्हीकडे लोंबत होते.

दुपारी घोड्यांचा डॉक्टर दुसऱ्याच घोड्यासाठी आला होता, त्याला काकांनी हाताला धरून आणलं. त्याने पाय दाबला, मशीन लावून पाहिलं आणि मालकांना बोलावून घेतलं. "शीर निम्मी फाटली आहे. आज एक उडी मारली असती तर तिथल्या तिथे मारून टाकावं लागलं असतं तिला. कुणी थांबवलं?"

मालकांनी घसा खाकरला आणि शेजारी उभ्या असलेल्या ऑफिसातल्या बाईंना म्हणाले, "लिहून घ्या. तबेल्याने वेळीच निर्णय घेऊन घोडीला विश्रांती दिली."

"किती ओळी?" बाईंनी विचारलं.

"दीड पान."

डॉक्टरने सहा महिने सांगितले. रोज सकाळ-संध्याकाळ गार पाणी, लेप, पट्टी, आणि पट्टी अशी बांधायची की सैलही नको आणि रक्तही अडायला नको. प्रशिक्षकाने दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला. चिमणीने लाथेसाठी त्याचं फक्त ढोपर निवडलं. दुसऱ्या मोतद्दाराला तिने आतच येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा माणूस काकांच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "मालकांनी विचारलंय, पट्टीपुरतं येऊन जाल का? नोकरीचं काही नाही हं. ती गेलीच. नियम म्हणजे नियम. फक्त पट्टी."

काकांच्या बायकोने मशीन थांबवलं आणि चष्म्याला हात घातला. काका तिला म्हणाले, "थांब. मला ठाऊक आहे तू काय म्हणणार. पण पाय मालकांचा नाही, तिचा आहे." बायकोने चष्मा काढला नाही. तिने कोपऱ्यातलं पांढऱ्या सुती कापडाचं गाठोडं काढलं आणि पट्ट्यांसाठी रुंदी विचारली.

तेव्हापासून काका रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला जातात, पट्टी करतात, चिमणीशी दोन शब्द बोलतात आणि घरी येतात. फाटकावरचा पहारेकरी त्यांची रोज पाहुण्यांच्या वहीत सही घेतो.

पुढच्या महिन्याचं बातमीपत्र निघालं. 'स्पर्धेतलं यश' सदरात सुखी घोड्याच्या बक्षिसाची बातमी होती. 'अश्वकल्याण' सदरात दीड पान निर्णयाचं, आणि त्याखाली चौकटीत एक नवी घोषणा: घोड्यांवर प्रेम करणाऱ्या नागरिकांसाठी तबेल्याने स्वयंसेवक योजना सुरू केली आहे, योजनेला उत्स्फूर्त प्रतिसाद मिळत असून पहिल्याच महिन्यात एका ज्येष्ठ नागरिकाने नाव नोंदवलं आहे.